पहिले अतिवेगाचे चलन: भरावे की आव्हान द्यावे?

अतिवेगाच्या ई-चलनात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ खालील गुन्ह्याचा आरोप ही पहिली, आणि ठरावीक तडजोड शुल्क भरून तो आरोप तिथेच मिटवण्याची मुभा ही दुसरी. शुल्क भरले की प्रकरण न्यायालयात जात नाही, पण आरोप मान्य केल्याची नोंद मात्र राहते. आव्हान दिले तर गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर येते. मात्र त्यासाठी वाहनधारकाला वेळ काढावा लागतो आणि कागदपत्रे जमवावी लागतात. पहिलेच चलन आलेला माणूस बहुधा रागाच्या भरात ‘लढायचंच’ म्हणतो, नाही तर कटकट नको म्हणून त्याच संध्याकाळी पैसे भरून मोकळा होतो. दोन्ही वेळा चलन नीट वाचायचे राहून जाते. खरा निर्णय तीन प्रश्नांवर होतो: नोंदीत चूक आहे का, ती कागदाने दाखवता येते का, आणि त्यापायी जाणारा वेळ व पैसा परवडतो का.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशी चलने मुख्यतः दोन राष्ट्रीय महामार्गांवर होतात. एक महामार्ग ३६१. तो तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. दुसरा महामार्ग १६१. तो अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड, नायगाव, देगलूर करत तेलंगणात उतरतो. मोकळा पट्टा संपून गाव लागते तिथे वेगमर्यादा एकदम खाली येते, पण गाडीचा वेग तितक्या लवकर उतरत नाही. स्पीड गन घेतलेले पथक नेमके अशाच जागी उभे असते.

आधी चलन खरे आहे का ते पाहावे

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या वाहनाचे चलन झाले आहे’ असा मजकूर येतो आणि सोबत एपीके फाइल असते. ती उघडली की फोनचा ताबा भामट्यांकडे जातो आणि बँक खाते रिकामे होऊ शकते. कोणतेही सरकारी खाते चलनासाठी एपीके फाइल पाठवत नाही. संदेशातल्या दुव्यावर बोट न ठेवता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर स्वतः जावे, आणि गाडीचा क्रमांक व चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून चलन शोधावे. तिथे काही दिसले नाही तर केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरील ई-चलन विभागही पाहावा. पोलिसांनी केलेले चलन एका ठिकाणी आणि आरटीओच्या वायुवेग पथकाने केलेले दुसऱ्या ठिकाणी दिसू शकते. दोन्हीकडे काहीच नसेल तर तो संदेश पुसून टाकावा.

चलन खरे असेल तर ते कोणत्या यंत्रणेने केले ते टिपून ठेवावे. नांदेड आणि लातूर येथे पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे शहरातील वाहतूक शाखा त्या त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. महामार्गावर इंटरसेप्टर वाहन घेऊन उभे असलेले पथक महामार्ग पोलिसांचे असते, आणि वायुवेग पथक परिवहन खात्याचे. तक्रार कुठे करायची हे यावरून ठरते. एकाचे चलन दुसऱ्याच्या दारात नेले तर ‘हे आमच्याकडचे नाही’ एवढेच ऐकून परत यावे लागते.

छायाचित्र आणि मजकूर ओळीओळीने वाचावा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ घालण्यात आला. कॅमेरा, स्पीड गन, अंगावरचा कॅमेरा अशा इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेल्या कारवाईला तो लागू आहे. या नियमानुसार साधनाला सक्षम अधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, साधनाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला त्याचा उल्लेख हवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही लागते. पूर्वी ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे दिले जाई. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी आणि चलन निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी, असेही हा नियम सांगतो.

या नियमासोबत शहरांची एक यादी आहे. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीची आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील अशी देशभरातील १३२ शहरे तिच्यात आहेत. महाराष्ट्रातील १९ शहरांत लातूरचे नाव आहे, नांदेडचे नाही. त्यावरून नांदेडमधले कॅमेऱ्याचे चलन बेकायदा ठरते असा समज करून घेऊ नये. जिथे साधने बसवण्याची व्यवस्था राज्याने आवर्जून करायची, अशा शहरांची ती यादी आहे. यादीबाहेरच्या रस्त्यावर वेग मोजायला तिने मनाई केलेली नाही.

छायाचित्र मोठे करून पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नंबर प्लेट. लातूरचा संकेत एमएच २४, नांदेडचा एमएच २६ आणि उदगीरचा एमएच ५५. प्लेट यंत्राने वाचलेली असेल तर ८ चा किंवा ० चा ६ होऊ शकतो. मग बुलढाण्याच्या एमएच २८ किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एमएच २० गाडीचे चलन नांदेडच्या माणसाच्या नावावर पडते. मळलेली प्लेट आणि नक्षीदार आकडे यांमुळे अशा चुका वाढतात.

दुसरी, गाडी. रंग, कंपनी, मॉडेल, पुढच्या काचेवरचा स्टिकर, बंपरवरचा ओरखडा, छतावरचा कॅरिअर हे सगळे ताडून पाहावे. आकडे जुळतात पण गाडी वेगळी आहे, असे दिसले तर कुणीतरी तोच क्रमांक दुसऱ्या गाडीवर लावलेला असण्याची शक्यता आहे. असे असेल तर चलनाच्या तक्रारीबरोबरच पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्यावी. ती गाडी उद्या अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली तर पोलीस आधी खऱ्या मालकाच्या दारात येतील.

तिसरी, चौकटीतील इतर वाहने. लेझर स्पीड गनचा झोत अरुंद असतो आणि नेम कुठे धरला होता त्याची खूण सहसा छायाचित्रावर असते. रडारचा झोत पसरट असतो, त्यामुळे शेजारून किंवा मागून येणाऱ्या वेगवान गाडीचा वेग त्यात मोजला जाऊ शकतो. चित्रात दोन-तीन गाड्या जवळजवळ असतील आणि खूण भलत्याच गाडीवर असेल, तर हा मुद्दा दमदार आहे.

चौथी, तारीख, वेळ आणि ठिकाण. समजा, चलनात चाकूरजवळ सकाळी १० वाजून १० मिनिटांची वेळ आहे आणि गाडी त्या दिवशी नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उभी होती. जॉबकार्डावरची तारीख-वेळ, फास्टॅगची नोंद किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण असेल तर अशा प्रकरणात फार वाद उरत नाही. फास्टॅगच्या नोंदी बँकेच्या अ‍ॅपवरून उतरवून ठेवाव्यात. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते त्याच आठवड्यात मागून घ्यावे.

पाचवी, लिहिलेली वेगमर्यादा. हा मुद्दा जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

वेगमर्यादा नेमकी कोणती?

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेगमर्यादा अधिसूचित केल्या. चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या मोटारीसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी वा त्याहून रुंद रस्त्यावर १००, नगरपालिका हद्दीतील आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर प्रतितास अशी ती मर्यादा आहे. मोटारसायकलला चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६०, मालवाहू वाहनाला चौपदरीवर ८० आणि इतरत्र ६०, तर तीनचाकीला ५०.

ही वरची मर्यादा झाली. कलम ११२ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण सार्वजनिक सुरक्षेसाठी, किंवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून, तिच्याखाली मर्यादा ठरवू शकते. त्यासाठी दोन अटी आहेत: राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर कलम ११६ प्रमाणे फलक. महिन्याभरापेक्षा जास्त काळ न चालणाऱ्या तात्पुरत्या बंधनाला अधिसूचनेची गरज नसते. म्हणजे शहरातल्या एखाद्या रस्त्यावर ४० ची मर्यादा धरून चलन झाले असेल आणि तिथे फलकच नसेल, किंवा फांद्यांनी, जाहिरातीच्या फलकाने तो झाकला गेला असेल, तर आक्षेपाला कायद्यातच आधार आहे. त्या जागी जाऊन, ज्या दिशेने गाडी जात होती त्याच दिशेने, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून छायाचित्रे आणि सलग व्हिडिओ घ्यावा. हे चलन येताच करावे. महिनाभराने घेतलेला फोटो त्या दिवशीची स्थिती दाखवतो हे पटवणे अवघड जाते.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. फलक नव्हता, पण गाडीचा वेग २०१८ च्या कमाल मर्यादेच्याही वर होता, तर फलकाचा मुद्दा उपयोगी पडत नाही. चौपदरी महामार्गावर ११८ ने जाणाऱ्या मोटारीला ८० चा फलक दिसला काय आणि न दिसला काय, १०० ची मर्यादा ओलांडलेलीच असते.

टिकणारी आणि न टिकणारी कारणे

कलम १८३ मध्येच वाहनधारकाच्या बाजूचे एक संरक्षण आहे. ‘गाडी फार जोरात होती असे मला वाटले’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणाला दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीचा आधार लागतो. त्यामुळे मोजलेल्या वेगाचा आकडाच नसलेले अतिवेगाचे चलन मुळातच कच्चे असते.

साधनाविषयीचा आक्षेपही टिकू शकतो, पण तो नेमका हवा. ‘यंत्र खराब असेल’ असे मोघम म्हणून काही साधत नाही. यंत्राचा अनुक्रमांक, त्याचे मान्यता प्रमाणपत्र आणि घटनेच्या दिवशी ते मुदतीत होते का, हे विचारावे. वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार साधनांसाठी २०२५ मध्ये वैधमापन शास्त्राचे स्वतंत्र नियमही अधिसूचित झाले असून पडताळणी आणि शिक्का हा त्यांचा गाभा आहे. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावलेला अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या किंवा संबंधित खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने तोवर मूळ तक्रार थांबवून ठेवू नये.

ट्रक, बस आणि इतर अनेक व्यावसायिक वाहनांना नियम ११८ प्रमाणे वेग ८० वर रोखणारा स्पीड गव्हर्नर असतो. अशा वाहनाच्या चलनावर ९५ चा आकडा असेल तर गव्हर्नरचे चालू प्रमाणपत्र आणि जीपीएसचा त्या वेळेचा अहवाल जोडावा. मात्र गव्हर्नर काढून ठेवलेला असेल तर हा मुद्दा मांडूच नये. तपासणीत वेगळाच दंड लागेल.

न टिकणारी कारणे जास्त ऐकू येतात. ‘सगळेच जोरात चालले होते’ हे उत्तर होत नाही. ‘माझ्या मीटरवर ७८ च होते’ हे खरे असले तरी सिद्ध करता येत नाही. ‘पोलीस कोपऱ्यात उभे होते, गन तिरकी धरली होती’ हा आक्षेप तर उलटाच पडतो, कारण रस्त्याशी कोन वाढला की गनवर दिसणारा वेग खऱ्या वेगापेक्षा कमी येतो. ‘रुग्णाला दवाखान्यात नेत होतो’ या कारणाने खासगी गाडीला सरसकट सूट नाही. तरीही दवाखान्याचे त्या वेळेचे कागद तक्रारीला जोडावेत. ते पाहून अधिकारी किंवा न्यायालय नरमाई दाखवू शकते.

‘गाडी मी चालवतच नव्हतो’ हे कारण मधले आहे. कॅमेऱ्याचे चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते आणि कलम १३३ नुसार चालकाची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भावाने, मित्राने किंवा ड्रायव्हरने गाडी नेली असेल तर तसे लेखी कळवता येते. दंड कोण भरतो यापेक्षा नोंद कोणाच्या लायसन्सवर जाते, याला इथे महत्त्व आहे. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती होती अशी स्थिती असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नये. कलम १९९ अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. विकलेल्या गाडीचे चलन आले तर फॉर्म २९ आणि ३० ची पोच शोधावी. विक्री झाली पण आरटीओत नाव बदलले नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो.

‘पहिले’ चलन म्हणून काय बदलते?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगासाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा किंवा पुढे तोच गुन्हा घडला तर कलम २०६ प्रमाणे लायसन्स जप्त करण्याची तरतूद लागू होते.

तडजोड शुल्क भरले की पाटी कोरी होते, असा सार्वत्रिक समज आहे. कलम २०० मध्ये २०१९ साली जोडलेल्या तरतुदी वेगळे सांगतात. तडजोडीने मिटवलेला गुन्हाही पुढचा गुन्हा ‘दुसरा’ आहे की नाही हे ठरवताना पहिला म्हणून मोजला जातो. तडजोड केल्याने लायसन्सवरील कारवाईतूनही आपोआप सुटका होत नाही. कलम १९ नुसार परवाना अधिकारी लायसन्सधारकाचे म्हणणे ऐकून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने लायसन्स निलंबित करू शकतो. दुसऱ्यांदा तेच झाले तर ते रद्द होऊ शकते.

ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा भाजी मंडईपर्यंत जाते, त्याच्यासाठी ही नोंद फारशी जड नाही. पण काळी-पिवळी, टॅक्सी, स्कूल बस, ट्रक किंवा उसाची वाहने चालवून पोट भरणाऱ्यासाठी तीन महिने लायसन्स नसणे म्हणजे तीन महिने चूल थंड राहणे. चुकीचे चलन अशा माणसाने दोन हजार रुपयांकडे पाहून भरून टाकू नये, कारण त्याच्या बाबतीत रोजगार पणाला लागलेला असतो.

चलनावर कलम १८४ लिहिलेले असेल तर प्रकरणच वेगळे होते. ते धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचे कलम आहे आणि त्यात कैदेचीही शिक्षा आहे. हातात मोबाइल धरण्यापुरता अपवाद सोडला तर तो गुन्हा तडजोडीने मिटत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वकील गाठावा.

खर्चाचा हिशेब

चलनाचा खटला गुन्हा जिथे घडला तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. नांदेडच्या माणसाचे चलन चाकूरच्या हद्दीत झाले असेल तर तारखेला लातूर जिल्ह्यात जावे लागेल. मुलाला पुण्यात सोडून येताना महामार्गावर चलन झाले असेल तर तिकडे जावे लागेल. एका तारखेचा प्रवास, बुडालेली मजुरी किंवा रजा आणि वकिलाची फी यांची बेरीज दोन तारखांतच दंडाच्या पुढे जाते. तारीख एकाच फेरीत संपेल याची खात्री कोणी देत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, हरल्यावर दंड वाढण्याची भीती वाटते तेवढी नसते. हलक्या वाहनाच्या चलनात २,००० रुपये लिहिलेले असतील तर पहिल्या गुन्ह्यासाठी कलमातली कमाल रक्कम तीच आहे. हरल्यास तेवढेच भरावे लागतील, शिवाय झालेला खर्च अंगावर पडेल. १,००० रुपयांच्या चलनात मात्र न्यायालय रक्कम वाढवू शकते.

आव्हानाच्या पायऱ्या

पहिली पायरी तक्रारीची. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. त्याचबरोबर वाहतूक शाखेत किंवा चलन करणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्ज एका पानात संपवावा: चलन क्रमांक, गाडी क्रमांक, चूक कोणती, ती दाखवणारा कागद कोणता आणि मागणी काय. ‘चलनातील छायाचित्रात पांढरी मोटार आहे, आरसीप्रमाणे माझी गाडी निळी आहे, आरसी आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडले आहेत, तरी चलन रद्द करावे’ एवढे पुरते. पोलिसांवर ठपका ठेवणारी वाक्ये घालू नयेत. चुकीची प्लेट, वेगळी गाडी, एकाच घटनेची दोन चलने अशा प्रकरणांचा निकाल बहुतेकदा इथेच लागू शकतो आणि त्याला खर्चही येत नाही. त्यामुळे नोंदीत उघड चूक असेल तर ही पायरी प्रत्येकाने चढावी.

मुदतीबाबत एकच नियम पाळावा: चलनावर जी छापलेली असेल ती. ई-चलनाच्या नियमांत केंद्राने गेल्या काही वर्षांत अनेकदा बदल केले आहेत, त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेली मुदत आपल्यालाही असेल असे धरून चालू नये.

दुसरी पायरी लोकअदालतीची. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत चलने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून ठेवली जातात. मोबाइलवर तशी सूचना येते. माहितीसाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय नांदेडला आणि लातूरलाही आहे. इथे रक्कम कमी होईलच असे नाही, ती सवलत हक्काची नसते. शिवाय लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वेग जास्त होता हे मान्य आहे पण रक्कम एकदम झेपत नाही, अशा माणसाला ही जागा योग्य. चलनच चुकीचे आहे असे म्हणणाऱ्याने तिथे तडजोड केली तर नंतर तोंड उघडायला जागा राहत नाही.

तिसरी पायरी न्यायालयाची. समन्स आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते. कलम २०८ नुसार समन्सवरच आणखी एक पर्याय दिलेला असतो: गुन्हा कबूल असल्याचे नोंदणीकृत टपालाने कळवून ठरलेली रक्कम पाठवणे. प्रकरण आभासी न्यायालयात गेले असेल तर संकेतस्थळावर रक्कम भरणे किंवा आव्हान देणे असे दोन पर्याय दिसतात. आव्हान निवडल्यावर ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. तिथे गुन्हा नाकबूल केल्यावर सरकारपक्षाला मूळ छायाचित्र, साधनाचे प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हजर करावे लागते. वर सांगितलेल्या त्रुटींचा खरा उपयोग इथे होतो.

जुन्या चलनासाठी आणखी एक मुद्दा आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी कालमर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याने या मुद्द्याच्या भरवशावर गप्प बसून राहणे शहाणपणाचे नाही. थकीत चलन असलेली गाडी विकताना, नावावर करताना किंवा आरटीओतील इतर कामांच्या वेळी अडते, आणि ते गिऱ्हाईक समोर उभे असताना लक्षात येते.

हद्दीपलीकडची चलने

देगलूर-बिलोलीकडून हैदराबादला आणि उदगीर-निलंग्याकडून बिदरला रोजची ये-जा आहे. तेलंगण आणि कर्नाटकातील चलन महाराष्ट्राच्या अ‍ॅपवर शोधून उपयोग नाही, त्यांची स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. या राज्यांनी थकबाकी वसुलीसाठी वेळोवेळी मोठ्या सवलती दिल्या. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये दुचाकींना अनुक्रमे ७५ आणि ८० टक्के सूट दिली, तर कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. पुढची सवलत कधी येईल हे कोणाच्या हातात नसल्याने तिच्या आशेवर चलन थकवू नये. तिकडच्या चुकीच्या चलनाविरुद्ध ऑनलाइन तक्रार जरूर करावी. न्यायालयात जायचे तर मात्र परराज्यातल्या तारखा धराव्या लागतील. रोजगार पणाला लागला असेल तरच त्या परवडतात.

निर्णय

प्लेट, गाडी, वेळ किंवा ठिकाण चुकले असेल तर रक्कम कितीही लहान असली तरी पैसे न भरता मुदतीत तक्रार करावी. भरलेले पैसे परत मिळवणे हे चलन रद्द करून घेण्याहून कठीण असते. फलक, अधिसूचना किंवा साधनाच्या प्रमाणपत्राचा मुद्दा असेल तर तक्रार करावी, माहिती मागवावी, आणि लायसन्सवर पोट असेल तर वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी. गाडी आपली, वेग मर्यादेहून जास्त, चित्र स्पष्ट आणि मनात फक्त राग असेल, तर मुदतीत रक्कम भरावी.

भरणा अधिकृत संकेतस्थळावर, अ‍ॅपवर किंवा वाहतूक शाखेत करावा आणि पावती जपून ठेवावी. चार-आठ दिवसांनी तोच क्रमांक पुन्हा टाकून चलन ‘भरले’ असे दिसते का ते पाहावे. पैसे खात्यातून गेले पण चलन थकीतच दिसत असेल, तर व्यवहार क्रमांकासह तक्रार करावी, दुसऱ्यांदा भरू नये. आरसीवरचा मोबाइल क्रमांक जुना असेल तर तो परिवहन संकेतस्थळावर बदलून घ्यावा. चलनाची सूचना त्याच क्रमांकावर येते, आणि सूचना हुकली की आक्षेपाची मुदतही हुकते.